शिडीखाली अडलेली रांग

वाढदिवसाचा केक दिसला की माझ्या डोक्यात अजून तिडीक उठते. कुणाचाही असो, लेकराचा असो की म्हाताऱ्याचा. ही तिडीक मला बाईंनी लावली आणि ती मला सोडायचीही नाही.

बाई म्हणजे आमच्या मुलींच्या बालगृहाच्या अधीक्षिका. दुमजली जुनं घर, पुढं लोखंडी गेट, मागं कडुलिंब, आणि आत अशा मुली, की ज्यांना घरच्यांपासूनच वाचवायची वेळ आली. बहुतेकींची लग्नं लावत होते. शाळेचं दप्तर काढून घेऊन हातात हिरव्या बांगड्या भरत होते. मी तिथं समुपदेशक म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडं सांगते. लोक म्हणतात मिरवते. मिरवतेच. माझी आई खुलताबादच्या बाजूला लोकांच्या अद्रकात खुरपायला जायची, आणि आमच्या बौद्धवाड्यात माझी पदवी बघायला माणसं चपला काढून घरात आली होती. न मिरवून कसं चालेल?

बाईंनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलंच नाही.

"कितवी?"

"एमएसडब्ल्यू."

"घरात आणखी कोण शिकलंय?"

"कुणी नाही. पहिली मीच."

"मग अशी वाकून कामून बसलीस? ताठ बस."

तेव्हापासून मी एमएसडब्ल्यू. "ए एमएसडब्ल्यू, गेट बघ." "एमएसडब्ल्यूला विचारा, तिला कळतं." आधी मला वाटलं टोमणा मारतात. नंतर कळलं, बाई सगळ्यांनाच इयत्तेनं हाक मारतात. पाचवीतली, सातवीतली, दहावीतली नापास, दहावीतली पास. मुलीचं नाव बाहेरच्या माणसापुढं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. कुणी पाहुणी बाई गालाला हात लावून "नाव काय गं बाळ तुझं?" म्हणाली, की मुलीनं उलट विचारायचं, "तुमचं काय?" हे बाईंनीच शिकवलेलं. एकदा एका पाहुणीनं पदर डोळ्याला लावत एका मुलीला विचारलं, "काय गं गुजरलं तुझ्यावर?" बाई तिथंच डाळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या घरात काय गुजरलं ते आधी सांगा. मग ती सांगंल. बसा, लई वेळ आहे." पाहुणी उठली ती थेट गाडीत.

दिसायला बाई बुटक्या, जाड. नायलॉनची साडी आणि पायात शाळेच्या पोरांचे पांढरे पीटीचे बूट. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक शिट्टी. ही शिट्टी दागिना नव्हता. मी लागायच्या आधी एका मुलीचे नातेवाईक गेट तोडून आत घुसले होते. गोंधळात मुली सैरावैरा धावल्या आणि जिला न्यायला ते आले होते, ती पोरगी धावत जाऊन नेमकी त्यांच्याच हातात सापडली. सहा महिने लागले तिला परत आणायला. तेव्हापासून नियम. बाईंची शिट्टी वाजली की जिथं असाल तिथं खाली बसायचं. हलायचं नाही, पळायचं नाही, बाई येतील. दर शनिवारी याचा सराव व्हायचा. मुली खिदळत बसायच्या, पण बसायच्या.

आता केकचं सांगते.

आमच्या शहरात एक रीत पडली आहे. पैसेवाल्याचा वाढदिवस आला की तो अनाथाश्रम शोधतो. आमच्या मुली अनाथ नव्हत्या. आईबाप होते म्हणून तर त्या आमच्याकडं होत्या. पण हे ऐकायला कुणाला सवड? पाहुण्यांनी संध्याकाळची वेळ द्यायची आणि दिवेलागण झाल्यावर यायचं. तोवर मुली वेण्या घालून, पावडर लावून ओळीत उभ्या. आत पुऱ्या गार होऊन चामडं. मग गाड्या येणार, केक निघणार आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या माणसासाठी मुलींनी टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं. तो माणूस केकचा तुकडा मुलीच्या तोंडाशी धरणार आणि बघणार मात्र कॅमेऱ्याकडं. फोटो हलला तर तोच तुकडा पुन्हा. मी एका मुलीला एकच घास चार वेळा खाताना पाहिलंय.

एका वाढदिवसाला आमची आठवीतली ओळीतच ओकली. नवीन होती ती, नुकतीच आलेली. पाहुण्यांच्या बुटांवर उडालं. एक जण "शीऽऽ" म्हणाला. मी तिला आत नेऊन तोंड धुतलं आणि समुपदेशकानं विचारावं तसं हळूहळू विचारलं. ती म्हणाली, "मामानं पण असंच उभं केलं होतं. पावडर लावून. ते लोक आले तवा."

ते लोक म्हणजे मुलगी बघायला आलेले. मामानं तिचं लग्न ठरवलं होतं आणि हळदीच्या दिवशी ती शाळेच्या बाईंच्या घरी पळाली होती. केस उभी राहिली होती, तिचा जबाब कोर्टात व्हायचा होता, आणि मामा तिला गावोगाव, आश्रमाआश्रमात हुडकत फिरत होता. जबाबाच्या आधी ती हाताला लागली असती तर तिनं काय जबाब दिला असता, हे सांगायला एमएसडब्ल्यू लागत नाही.

मी हे बाईंना सांगितलं. त्या उठल्या. मग बाहेर गेल्या, केकचा पुठ्ठ्याचा डबा बंद केला, वरून दोरी बांधली, आणि वाढदिवस असलेल्या माणसाच्या हातात दिला. "घरी कापा. तुमच्या घरात ओळीनं उभं राहायला कुणी असंल तर."

त्या दिवसापासून वाढदिवस बंद. म्हणजे पूर्ण बंद नव्हेत. कुणाचा फोन आला की बाई म्हणायच्या, "या की. पण आमच्या पोरीच्या वाढदिवसाला या. गाणं तुम्ही म्हणायचं." एक बिल्डर पैजेवर आल्यासारखा आलासुद्धा. बायकापोरांसह त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि पाचवीतलीनं खुर्चीवर बसून केक कापला. बिल्डर भाकरी थापावी तशा टाळ्या वाजवत होता. पाचवीतली म्हणाली, "काका, आवाज नाय आला." मुली लोळून हसल्या. मी बाईंना इतकं हसताना पुन्हा पाहिलं नाही. तो बिल्डरही पुन्हा आला नाही.

पाहुणे बंद झाले तसं देणं बंद झालं. संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. अध्यक्षांचा धंदा काय ते लिहीत नाही, शहर लहान आहे. माणूस गोड बोलणारा. रागावला की जास्त गोड.

"बाई, लोकांना देऊन बरं वाटायला पाहिजे ना. नुसत्या पावतीनं कुणाला बरं वाटतं? चेहरा लागतो."

"चेहरा पाहिजे ना? माझा घ्या," बाई म्हणाल्या. "हा काय, म्हातारा आहे, पण आहे. मी कळसूबाई चढते. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर. ज्याला बघायचंय त्यानं पैसे देऊन बघावं. पोरी नाय दाखवायच्या."

अध्यक्ष हसले. "तुम्हाला चढताना बघायला कोण पैसे देईल हो?"

"चढताना कशाला? पडताना बघायला देतील. पडणारं माणूस बघायला लोकांना लई आवडतं."

मला वाटलं रागाच्या भरात बोलल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभ्या. "चल एमएसडब्ल्यू, गोगाबाबा टेकडीवर." पाठीला पोतं, पोत्यात ज्वारी. साडीचा ओचा खोचलेला आणि ते पीटीचे बूट. टेकडीवर फिरायला येणारी माणसं थांबून बघायची. कॉलेजच्या पोरांचा एक घोळका रोज भेटायचा. एकानं एकदा टवाळी केली, "आज्जे, वरपर्यंत ऑटो बोलावू का?"

बाई थांबल्या, धाप आवरली. "कितवीला रे?"

"बीकॉम. सेकंड इयर."

"किती विषय राहिलेत?"

त्याचेच दोस्त ओरडले, "सांग की बे, सांग आज्जीला!" त्यानंतर तो रोज मान खाली घालून जायचा आणि बाई रोज विचारायच्या, "निघाले का?"

गुडघे सुजायचे. संध्याकाळी मुली आळीपाळीनं तेल चोळायच्या. आठवीतली सगळ्यात जास्त वेळ. ती तेव्हा जेवायला लागली होती, बोलायला लागली होती. गणितात बरी निघाली. बाईंच्या पायाशी बसून बेरजा तोंडी करायची आणि बाई डोळे मिटून "चूक" म्हणायच्या. उत्तर बरोबर असलं तरी म्हणायच्या. ती भांडायची. बाईंना ते भांडण ऐकायचं असायचं.

अध्यक्षांनी काय केलं, तर बाईंचा डोंगर उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला. चिकलठाण्यातले कारखानदार, त्यांच्या बायका, दोनचार डॉक्टर, सगळे गोळा केले. "बालसंरक्षणासाठी शिखर मोहीम" असे बॅनर लागले. बाई म्हणाल्या, लावा, पैसे येतात तर लावा. अट एकच. मुलींचं नाव, तोंड, पाय, काही त्यात नको. अध्यक्ष म्हणाले, "हो बाई, हो." त्यांचा ‘हो’ म्हणजे फोन ठेवायची घाई असते, हे आम्हाला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

आदल्या दिवशी आम्ही पायथ्याच्या गावात मुक्कामाला गेलो आणि सकाळी चढायला लागलो. मंडळी नवीन बूट घालून पुढं निघून गेली. बाई सगळ्यांत मागं. दहा पावलं चालायच्या, काठीवर हात टेकायच्या, पुढं. "तू जा गं वर." "नाही जात." "मग गप चल. शिकलेल्या माणसाला चालताना गप बसता येत नाही." अर्ध्या वाटेत लिंबू सरबतवाल्या मावशीनं विचारलं, "नवस हाय का आई?" बाई म्हणाल्या, "नाय. भांडण हाय."

पहिल्या लोखंडी शिडीपाशी आम्ही पोचलो तेव्हा तिथं गर्दी होती. अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन उभे होते, एकेकाला शिडीवर चढवून फोटो चालले होते. बाई कातळाला टेकून बसल्या. तेवढ्यात खालून गाण्याचा आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. आमच्या मुली प्रार्थनेनंतर म्हणतात ते गाणं.

मी खाली वाकून पाहिलं. वळणावरून पिवळे शर्ट येत होते. आमच्या सगळ्या मुली. अध्यक्षांनी आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना फोन केला होता की बाईंनी पोरींना डोंगर बघायला बोलावलंय, गाडी येते. मावशींनी विश्वास ठेवला. अध्यक्षांवर नाही ठेवायचा तर कुणावर? आणि मुली खुशीत होत्या. हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांना सहल वाटत होती. वर हात करून ओरडत होत्या, "बाईऽऽ! आम्ही पण!" आठवीतली मधे होती, धावत होती.

पिवळ्या शर्टावर पुढं कुठल्याशा कारखान्याचं चिन्ह. जवळ आल्यावर एक मुलगी गिरकी घेऊन मागच्यांना बोलवायला वळली आणि तिच्या पाठीवर छापलेलं दिसलं.

मला वाचवा.

कुणीतरी बसून हे ठरवलं असेल, कुणीतरी अक्षर निवडलं असेल, कुणीतरी मुलींची मापं सांगितली असतील. आणि त्यातल्या एकालाही आतून काही झालं नाही. जी पोरगी स्वतःच्या पायांनी हळदीतून पळाली, स्वतःला स्वतःच वाचवलं, तिच्या पाठीवर यांनी लिहिलं, मला वाचवा.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली वळवला.

बाईंनी शिट्टी मारली.

मुली आहेत तिथं खाली बसल्या. पायऱ्यांवर, वाटेवर, दगडांवर. गुडघ्यात मान घालून, शनिवारी बसतात तशा. खालून येणारे लोक त्यांच्या मागं थांबले, वरून उतरणारे शिडीवर थांबले. सगळा डोंगर अडला.

"बाई, हे काय? रांग अडली!" अध्यक्ष म्हणाले.

"अडू द्या."

"अहो, पाच मिनिटांचं काम. शिडीवर उभ्या करू, एक फोटो, झालं. चेहरे फोटोतून पुसून घेऊ की नंतर."

"नंतर कोण पुसणार? तुम्ही? परवा ‘हो’ म्हणालात तसे?" बाई काठी टेकत उठल्या. "शर्ट काढा गं पोरींनो. खाली आपले कपडे हायेत ना? काढा."

मुलींनी शर्ट काढले. बाईंनी त्यातला एक उचलला आणि अध्यक्षांच्या छातीला लावून पाहिला. "तुम्हाला यील. घाला. कुणी वाचवतंय का बघू."

वर शिडीवर अडलेलं कुणीतरी फसकन हसलं. अध्यक्षांचं तोंड लाल झालं. "बाई, ही माणसं पैसे देऊन आली आहेत. यांना काय सांगू? चेहरा नसलेल्या फोटोला कोण विचारतं?"

"यांना मी सांगते." बाई वळल्या. त्या बायकांकडं बघून बोलल्या, साहेबांकडं नाही. "यातल्या एकीला माणसं हुडकत फिरतात. तिचा फोटो छापला की ते आमच्या गेटवर. बास, इतकंच आहे."

जालना रोडवरच्या एका कारखान्याच्या मालकीणबाई पुढं होत्या. बारीक चणीच्या, पोरसवदा दिसणाऱ्या. सकाळपासून त्यांच्या चहात साखर जास्त पडली म्हणून तक्रार चालली होती. त्यांनी विचारलं, "कोणती हो?"

"तेच कळायला नको म्हणून तर मघापासून घसा फोडतेय!" बाई ओरडल्या.

मालकीणबाई चमकल्या. मग त्यांनी मुलींकडं एक नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. पाहिलं तर कळेल, म्हणून. ते मला आवडलं.

"फोटो पाहिजे ना यांना?" बाई म्हणाल्या. "मग सगळ्यांनी तोंडं बांधा. पोरींनी बांधा, तुम्ही पण बांधा. कोण कुणाची, कळलं नाय पाहिजे. रोज स्कूटीवर बांधताच की."

आमच्या शहरातल्या बाईला आणखी काही येवो न येवो, तोंड बांधता येतं. उन्हाचं, धुळीचं, बघणाऱ्यांच्या नजरांचं, डोळे तेवढे उघडे ठेवून घट्ट बांधायचं. स्टोल सगळ्यांकडं होते. एक डॉक्टरीणबाई म्हणाली, "मग मी दिसणार कशी फोटोत?" मालकीणबाई तिला म्हणाल्या, "तू रोजच दिसतेस, एक दिवस नाही दिसलीस तर काय होतं?" आणि त्यांनी आपलं तोंड बांधायला घेतलं. त्यांच्या मागं एकेक करत सगळ्यांनी.

मी मुलींचं बघत होते. ओढण्या होत्या, आठवीतलीकडं नव्हती, ती फ्रॉकवर आली होती. मालकीणबाईंनी तोंडाला बांधलेला स्टोल सोडून तिच्या हातात दिला आणि स्वतः डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. मी तो स्टोल आठवीतलीच्या तोंडाला बांधला. मागं गाठ मारताना तिनं हळूच विचारलं, "मामा आलाय का?"

"नाही आला."

"मग बाई एवढ्या ओरडल्या कामून?"

"यायला नको म्हणून."

मुली आणि बायका मिसळून शिडीखाली उभ्या राहिल्या. फोटोवाला बिचकत होता. अध्यक्ष मधे जाऊन उभे राहिले, उघड्या तोंडानं, हसत. फोटो निघाला. मग बाई मला म्हणाल्या, "घेऊन जा सगळ्यांना. गाडीत बसवून थेट घरी."

"आणि तुम्ही?"

"मी चढीन म्हणून सांगितलंय. पैसे घेतलेत लोकांचे. पोरींना खाली ने, मी वर जाते."

त्या एकट्याच गेल्या. त्या माथ्यावर पोचल्या तोवर मंडळी उतरून, जेवून, प्रमाणपत्रं वाटून घेऊन परतली होती. ‘शिखर सर केल्याबद्दल’ असं प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं, पहिल्या शिडीच्या पुढं न गेलेल्यांनासुद्धा. बाईंना नाही. त्या हजर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एसटीनं, गुडघ्यांना फडकी बांधून त्या परत आल्या. मी विचारलं, "वर काय होतं?"

"वारा," म्हणाल्या. "आणि कुणी टाळ्या वाजवणारं नव्हतं. लई बरं वाटलं."

पेपरात फोटो आला. खाली मजकूर असा, की अध्यक्षांच्या अभिनव कल्पनेतून बालगृहाच्या मुली आणि मान्यवर महिलांनी तोंडं बांधून अत्याचाराचा निषेध नोंदवला. मी तो पेपर जमिनीवर आपटला. बाई फोटोकडं भिंग लावून बघत बसल्या. डोकं डोकं तपासत. मजकूर त्यांनी वाचलाच नाही.

दोन दिवसांनी मामा आला. सोबत आणखी दोघं. हातात तोच पेपर. आठवीतली वर अभ्यासाला बसली होती. बाई गेटच्या आतून उभ्या, मी त्यांच्या बाजूला, शिट्टी बाईंच्या ओठात.

"आमची पोरगी तुमच्यात हाय," मामा म्हणाला. "पेपरात फोटो हाय."

"कोणती?"

मामानं पेपर गजांना लावला. बोट फिरलं, थांबलं, परत फिरलं. मग एका बारीक चणीच्या आकृतीवर टेकलं. "ही. ही आमची. उभं राहायची ढब बगा ना. मी वळखतो."

बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "ही? या कारखान्याच्या मालकीणबाई. दोन लेकरं आहेत त्यांना, मोठं नववीत. विचारू का, लगीन करता का म्हणून?"

मामाच्या सोबतचा एक जण मागं सरकला. मामा पेपरकडं बघत राहिला. ज्या पोरीच्या आयुष्याचा सौदा तो करत होता, ती त्याला डोळ्यांवरून ओळखता आली नाही. नुसती पावडर ओळखत होता तो. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, गावाकडच्या. पण बाई बोलत असताना मधे बोलायची पद्धत नव्हती.

"पोलिसांना फोन लाव एमएसडब्ल्यू," बाई म्हणाल्या. "पाहुणे आलेत म्हण." मी फोन कानाला लावेपर्यंत ते तिघं गल्लीच्या टोकाला होते.

पुढच्या आठवड्यात आठवीतलीचा जबाब झाला. कोर्टाच्या दारापर्यंत तिनं मालकीणबाईंचा तो स्टोल तोंडाला बांधला होता. आत गेल्यावर स्वतःच सोडला. अडखळली नाही. मामाचं नाव घेतलं, तारीख सांगितली, हळद कुणी लावली तेही सांगितलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "बरोबर सांगितलं ना?" बाई मागून म्हणाल्या, "चूक," आणि ती भांडायला लागली.

बाईंना त्याच महिन्यात काढलं. देणगीदारांशी उद्धट वर्तन, असं कारण दिलं. संस्थेच्या बैठकीत एकानंही तोंड उघडलं नाही. तोंडं बांधलेल्या बायका बऱ्या, या उघड्या तोंडाच्या पुरुषांपेक्षा. एकट्या मालकीणबाईंनी पत्र पाठवलं, त्याचं काय झालं मला माहीत नाही. बाई एक पिशवी घेऊन निघाल्या. मुली गेटपाशी जमल्या तेव्हा त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. "शनिवार चुकवायचा नाही."

आता तिथं पुन्हा केक येतात. पुन्हा ओळी लावायचा हट्ट होतो. मी सोडून जाईन असं अध्यक्षांना वाटलं होतं. मी गेले नाही. शिकलेली आहे, कायदा वाचलेला आहे, आणि कुणाचा केक आला की मी सगळ्या मुलींना वर नेऊन परीक्षेला बसवते. पाहुण्यांना सांगते, पेपर चालू आहे, टाळ्या तुम्हीच वाजवून घ्या. अध्यक्ष गोड बोलतात माझ्याशी. फार गोड.

मागच्या महिन्यात बाई गुडघे दाखवायला शहरात आल्या होत्या. हल्ली खुलताबादला बहिणीकडं असतात. दवाखान्यातून निघून आम्ही रिक्षानं क्रांती चौकात सिग्नलला थांबलो, आणि मी वर पाहिलं. भला मोठा बॅनर. यंदाच्या शिखर मोहिमेचा. तोच फोटो. तोंड बांधलेल्या बायका, पोरी, मधे अध्यक्ष हसत. बाई त्या फोटोत नव्हत्याच. कडेला फक्त एक काठी आणि पांढऱ्या बुटाचं टोक आलं होतं, बाईंचं बाकी सगळं कापून टाकलं होतं.

माझं डोकं फुटायची वेळ आली. "बघा बाई! बघा हे! चोर आहेत चोर. तुम्हाला काढलं आणि तुमचाच..." मी रिक्षातून उतरायलाच निघाले, बॅनर फाडायला. रिक्षावाला घाबरून म्हणाला, "अरे बाजी, सिग्नल छूटता अब, नक्को उतरो!"

बाईंनी माझा हात धरला. मान वर करून, डोळे बारीक करून त्या बॅनर बघत होत्या. डोकं डोकं तपासत, तेव्हा पेपर तपासला तशा.

"एमएसडब्ल्यू, तुझे डोळे चांगले आहेत. आठवीतली कोणती यातली?"

मी बघितलं. तिच्या तोंडाला स्टोल मी बांधला होता, गाठ माझ्या हातची होती. डाव्या बाजूपासून सुरुवात केली, मधे आले, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. सगळे नुसते डोळे. मोठे करून टांगलेले, तरी कुणाचेच नाहीत.

"नाही ओळखू येत, बाई."

"नक्की?"

"नक्की."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर काठी टेकवली. "चल रे. पोरी किती तुला? कितवीला आहेत?"